डांबऱ्याचा पुढचा उजवा पाय

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. घोड्याला नाल मारणारा माणूस आमच्या वाचकांनी कधी पाहिलेला नसतो." गमती पुष्कळ आहेत. त्या लिहायला बसलो, चार पानं झालीही. पाचव्या पानावर डांबऱ्याचं नाव आलं आणि मागची चार पानं मला खोटी वाटायला लागली. त्यातलं थोडं ठेवलंय, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी नालबंद. आम्ही मालवणकडचे लोहार. वडील गिरणीच्या लोहारखात्यात होते. संपात गिरणी गेली तेव्हा मी बाविशीचा होतो आणि मलाही तिथंच चिकटवायचा त्यांचा बेत होता. तो बारगळला. जोगेश्वरीला आमच्या चाळीमागं एक म्हातारे उस्ताद घोड्यांना नाल मारायचे. त्यांना हात चालणारा माणूस हवा होता, मला पोट होतं. तीन वर्षांत शिकलो. नंतर अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत वरातीचे, बागेत मुलांना फिरवायचे, सिनेमाच्या शूटिंगचे, बहुतेक सगळे घोडे माझ्या हाताखालून गेले.

लोक पहिला प्रश्न एकच विचारतात. "घोड्याला दुखत नाही का हो?"

नाही दुखत. खूर म्हणजे घोड्याचं नख. खूर उचलून तळवा पाहिला, तर कडेच्या थोडं आत एक पांढरी रेघ दिसते. रेघेच्या बाहेर मेलेलं नख, आत जिवंत मांस. बाहेरची ती भिंत बोटाएवढीही जाड नसते आणि आमचा सगळा धंदा त्या भिंतीत. खिळा खालून घालायचा आणि बाजूनं बाहेर काढायचा, मग टोक मोडून वाकवायचं. महिना-सव्वा महिन्यानं नख वाढतं, नाल सैल होते, ती काढून नख कापून नवी मारायची. खिळा कुठं चाललाय ते डोळ्याला दिसत नाही. ते कानानं कळतं. नखात जाताना हातोडीचा आवाज टणटणीत येतो. मांसाकडं वळला की आवाज बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. आवाज बसला की थांबायचं, खिळा उपसायचा, भोकात औषध ओतायचं, ती जागा मोकळी सोडायची. घोडा दोन दिवसांत विसरतो. उस्ताद म्हणायचे, खिळा सगळ्यांचाच चुकतो, चुकलेला खिळा ठेवतो तो नालबंद नव्हे.

आता गमतीचा भाग. काळ्या घोड्याची नाल. शनीचा त्रास असला की दारावर लावतात. ती विकत आणलेली चालत नाही, घोड्यानं घासलेली लागते. त्यातही पुढच्या उजव्या पायाची. माझ्याकडे मुलुंडच्या एक बाई आल्या होत्या, त्यांना घोडा ब्रह्मचारी पाहिजे होता. मी म्हटलं, "बाई, मी त्याच्या पायाशी असतो, बाकी चौकशी केलेली नाही." घाटकोपरचा एक गृहस्थ महिन्यानं नाल परत घेऊन आला. दुकान चालत नाही म्हणाला, बदलून द्या. मी दिली बदलून.

हे सगळे डांबऱ्याकडे यायचे. कारण पश्चिमेच्या उपनगरात तेव्हा माझ्या माहितीत एवढा कुळकुळीत घोडा दुसरा नव्हता.

डांबऱ्या बबनदाचा. बबनदा आमच्याच बाजूचा, माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होता. गिरणी सुटल्यावर त्यानं एका जुन्या टांगेवाल्याकडून दोन पांढऱ्या घोड्या घेतल्या, वरातीसाठी. तिसरा हा काळा त्यांच्याबरोबर आला, नको असताना. काळ्या घोड्यावर नवरदेव बसत नाही. बोरीवलीला नॅशनल पार्कच्या कडेला पत्र्याची शेड होती, शेजारी यांची खोली. बबनदा दर महिन्याला डांबऱ्याला विकायचा बेत करायचा आणि दर महिन्याला तो बेत वासंतीमुळं मोडायचा.

वासंती त्याची मुलगी. दहा वर्षांची, एकुलती. बारीक चणीची, फारसं न बोलणारी. डांबऱ्या हे नाव तिनंच ठेवलेलं, तो आला तेव्हा दारातल्या रस्त्यावर डांबर पडत होतं म्हणून. शाळेतून आली की दप्तर शेडमध्येच टाकायची. अभ्यास त्याच्या गव्हाणीवर बसून. तिची आई, म्हणजे आमची वहिनी, म्हणायची, "ह्या चेडवाक घोड्याकच देऊन टाकूक व्हया." चेडू म्हणजे पोरगी.

डांबऱ्या टांग्यात राबलेला, पायाला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या वेळी त्यानं मला आणि उस्तादांना दोघांनाही लोळवलं. मग ही पोरगी आली, त्याच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "पाय." त्यानं उचलून दिला. त्या दिवसापासून त्याचा पाय धरायचं काम वासंतीचं. ती मांडीवर खूर घेऊन बसायची आणि मी ठोकायचो. मीच तिला आवाज ओळखायला शिकवलं. डोळे मिटून ऐकायची. "हा चांगला. हा पण चांगला. काका, हा जरा कमी चांगला." तिचा कान माझ्यापेक्षा तयार झाला होता. मला त्याचा अभिमान वाटायचा.

नाला विकायचं डोकं माझं, हे आधी सांगतो. बबनदाला मीच म्हटलं, "विकू नको. शनिवारी ह्याच्या नाला जातील." गिऱ्हाइकं बबनदा आणायचा. पण घोड्याची नाल महिन्यातून एकदा उतरते आणि गिऱ्हाईक तर दर शनिवारी येणार. मग आम्ही असं करायचो: पांढऱ्या घोड्यांची उतरलेली, घासलेली नाल गुरुवारी डांबऱ्याच्या उजव्या पायाला ठोकायची आणि शनिवारी गिऱ्हाइकासमोर उपसून द्यायची. लोक हात जोडून घ्यायचे. बबनदा हसून हसून बेजार. मीही हसायचो.

नख म्हणजे काही भिंतीतलं लाकूड नव्हे की हवे तितके खिळे मारा. दर आठवड्याला नवी भोकं. महिन्या-दोन महिन्यांत तो खूर कडेनं भुगा व्हायला लागला, भिजलेल्या प्लायवूडसारखा. खिळ्याला धरायला चांगलं नख उरलं नाही. मी खिळे आणखी वर, आणखी आत घालायला लागलो. एक दिवस वासंतीनं विचारलं, "काका, ह्याच पायाची नाल सारखी का काढता?"

"त्याचं नख लवकर वाढतं गं."

"मग बाकीच्या तिघांचं का नाही वाढत?"

मी तिला म्हटलं, "तू शाळेत एवढे प्रश्न विचारतेस का?" ती लाजली. पुन्हा तिनं विचारलं नाही. दर वेळी "पाय" म्हणायची आणि तो बिचारा द्यायचा. तिनं मागितला म्हणून द्यायचा. हे मला तेव्हाही दिसत होतं.

एका शनिवारी सकाळी साकीनाक्याचा एक कारखानदार आला, पत्र्याचे डबे बनवणारा. बायको, आई, थाळी, हार, सगळा सरंजाम. त्याच्या ज्योतिषानं सांगितलं होतं की जुनी नाल समोर काढून घ्या आणि लगेच नवी स्वतःच्या समोर ठोकून घ्या, घोड्याला अनवाणी ठेवलंत तर उलटं फळ मिळेल. जुनी मी काढून थाळीत ठेवली. नवी ठोकायला घेतली. वासंतीच्या मांडीवर खूर. पहिले चार खिळे कसेबसे धरले. पाचव्याला जागाच नव्हती. घातला. दुसऱ्या ठोक्याला आवाज बसला. डांबऱ्यानं पाय आखडला.

"काका," वासंती म्हणाली, "आवाज बदलला."

मला ऐकू आला होता. तिच्या आधी आला होता. पण तो खिळा उपसला असता तर रक्त आलं असतं. शनीच्या घोड्याला पूजेच्या वेळी रक्त! ती म्हातारी थाळी टाकून पळाली असती, शेठनं नाल परत केली असती, आणि साकीनाक्याहून आमच्याकडे पुन्हा कुणी फिरकलं नसतं. हे सगळं मी हातोडी वर असताना विचारात घेतलं. बबनदा पाठीमागून म्हणाला, "काय रे सद्या, थांबलास काय? मुहूर्त जातोय त्यांचा."

मी वासंतीला म्हटलं, "गप. घट्ट धर." आणि तो खिळा पूर्ण ठोकला. टोक मोडलं, वाकवलं, कानशीनं साफ केलं. दिसायला झकास.

दुपारी परत जाऊन मला तो काढता आला असता. जोगेश्वरीहून बोरीवली काही लांब नव्हतं. नाही गेलो. काही होणार नाही, असं स्वतःला सांगत राहिलो.

मंगळवारी बबनदाचा निरोप आला. डांबऱ्या तीन पायांवर उभा होता. खुराला हात लावला तर तव्यासारखा गरम. मी पकडीनं एकेक खिळा दाबून पाहायचं नाटक केलं. पाचव्यावर तो अख्खा थरथरला. बबनदा, वहिनी, वासंती, तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय झालंय?" बबनदानं विचारलं.

वासंती कधीमधी सकाळी त्याच्यावर बसून पार्कच्या फाटकापर्यंत जायची, हे मला माहीत होतं. मातीच्या वाटेनं, चालत. बबनदाला ते आवडत नसे.

मी म्हटलं, "कडक रस्त्यावर पळवलाय कुणीतरी. आतून ठेचला गेलाय."

बबनदानं वळून पोरीच्या मुस्कटात मारली. एकदा नाही. ती रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुम्ही सांगा ना. आवाज बदलला होता ना? तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"घाबरलीय ती," मी बबनदाला म्हणालो. "पोरगी आहे, काहीतरी बोलणारच."

वहिनीनं तिला जवळ ओढलं आणि मला आमच्या बोलीत विचारलं, "सदा, खरा सांग रे. चेडवान पळवल्यान काय?"

आईनं सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "होय वहिनी."

पुढचं धंद्यातलं आहे, तर नीट सांगतो. त्या दिवशी मी पाचवा खिळा काढला आणि कुणाला दिसायच्या आत खिशात टाकला. नियमानं मी तळव्याला वाकड्या सुरीनं छेद द्यायला हवा होता, म्हणजे पू खालून वाहून गेला असता. पण छेद दिला की आतला काळा माग सगळ्यांना दिसतो, खिळा कुठून कुठं गेला तो. बबनदालाही कळला असता. म्हणून मी छेद दिला नाही. कोंड्याचं पोटीस बांधलं. वहिनी म्हणाली, जनावरांच्या डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, "कशाला, मी आहे ना." पंधरा दिवस रोज गेलो. लोकांना वाटलं, केवढी माया. पू खालून वाट मिळेना म्हणून वर चढला आणि जिथं केस सुरू होतात तिथून फुटला. तोवर आतलं हाड गेलं होतं. घोडा मेला नाही, पण तो पाय त्यानं पुन्हा टेकला नाही.

वासंतीला शेडमध्ये यायची बंदी झाली. ती खोलीच्या दारात उभी राहून मी पट्टी बदलताना बघायची. तिच्यावाचून तो पाय देत नव्हता, त्यामुळं आम्ही त्याला दोरखंडानं बांधायचो.

तिसऱ्या आठवड्यात बबनदानं त्याला विकला. टेम्पो आला. कुठं चाललाय ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळत होतं. डांबऱ्या फळीवर चढेना. चौघांनी ओढला, टेम्पोवाल्यानं दांडक्यानं मारला. अर्धा तास झाला. शेवटी बबनदानं खोलीकडं बघून हाक मारली, "वासंती, ये गो. चढव ह्याका."

ती आली. त्याच्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली, पूर्वीसारखी. मग म्हणाली, "पाय." त्यानं दुखरा पाय उचलला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून फळीवर ठेवला. मग दुसरा. मग मागचे. अशी एकेक पाय मागून घेत ती त्याला वर घेऊन गेली आणि स्वतः उडी मारून खाली उतरली.

मी फळीची कडी लावत होतो. ती माझ्याजवळ आली आणि इतक्या हळू बोलली की फक्त मलाच ऐकू यावं. "काका, मला आठवत नाही. मी खरंच पळवला होता का हो त्याला?"

तिच्याकडं न बघता मी मान हलवली. हो, अशी.

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर मी काळ्या घोड्याच्या नालेचा धंदा सोडला, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही सोडला. दुसरा काळा घोडा मिळाला आणि पुढं दोन वर्षं केला. फक्त चुकलेला खिळा परत कधी ठेवला नाही. नंतर चांगल्या तबेल्यांत कामं मिळाली, नाव झालं. लोक म्हणतात, सदाभाऊंच्या हातात जादू आहे. ऐकून घेतो.

बबनदाच्या शेडच्या जागी इमारत उभी राहिली, त्यांना तिथंच खोल्या मिळाल्या. मी तिकडं जाणं टाळत होतो. गेल्या वर्षी बोरीवलीच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी हाक मारली. वासंती. केसात पांढरं आलेलं, शाळेत गणित शिकवते म्हणाली. बरोबर कॉलेजातली मुलगी होती. मोठ्या कौतुकानं तिला म्हणाली, "हे ते नालवाले काका गं. मी लहानपणी एक घोडा लंगडा केला होता ना? त्याला बरं करायला हे पंधरा दिवस रोज यायचे." मुलगी हसून म्हणाली, "म्हणजे घोडेमारीची गोष्ट! आजोबा अजून चिडवतात हिला." वासंतीही हसली. मी कोथिंबीर घेतली आणि निघालो.

ते हसणं मला सहन झालं नाही. हा लेख त्यामुळंच असा झाला. पण परस्पर छापायला देण्याचा धीर होईना, म्हणून मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी कागद घेऊन तिच्या घरी गेलो. वहिनी आता नाही. बबनदा आता तिच्याकडेच, पलंगावर पडून असतो, पाय काम देत नाहीत, बाकी शाबूत आहे. म्हणाला, "काय सद्या, वाट चुकलास?" मी वासंतीला म्हटलं, "मी वाचतो. मध्ये थांबवू नकोस." आणि वाचलं, वर लिहिलंय ते सगळं, टेम्पोपर्यंत. बबनदासमोरच.

वाचून झालं. पलंगावरून बबनदा बोलला, "माका म्हायत होता."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. वासंतीनं विचारलं, "काय माहीत होतं, बाबा?"

"खिळ्याचा. टेम्पोवाल्यान पाय बांधून बघितल्यान. तो म्हणालो, नालबंदान खाल्ल्यान ह्याका."

"टेम्पो आला त्या दिवशी? मी चढवायच्या आधी?"

बबनदानं छताकडं बघितलं. मग मराठीत, परक्याशी बोलावं तसं, म्हणाला, "ह्याचं नाव काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, दर आठवड्याला नाल कशाला उपसत होता. गिऱ्हाइकं तर मी आणायचो."

"मग नंतर? एवढी वर्षं? मला घोडेमारी म्हणत होतात ते? माझ्या लग्नात, सासरच्यांसमोर म्हणालात."

"सवय पडली गो," बबनदा म्हणाला.

वासंती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी माफी मागितली. शब्द आधीच ठरवून गेलो होतो, ते सगळे म्हटले. तिनं ऐकले की नाही, माहीत नाही. मग ती वळली, माझ्या हातातले कागद घेतले आणि उभ्याउभ्याच पुन्हा वाचायला लागली, वहीतलं गणित तपासावं तशी, बोट ठेवून. एका ठिकाणी थांबली.

"यात ही शोभा कोण?"

"तूच. वाचताना तुझंच नाव घेतलं, कागदावर बदललंय," मी म्हटलं. "उगाच तुला त्रास नको. ओळखीचे लोक वाचतात."

"खोटं बोललात तेव्हा माझंच नाव घेतलंत ना?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेही माझ्याच समोर. आता खरं लिहिताय, तर दुसरीच्या नावावर का?"

तिनं टेबलावरचं लाल पेन उचललं आणि प्रत्येक पानावर शोभा खोडून वर वासंती लिहिलं. एकूण किती ठिकाणी, तेही तिनंच मोजलं, एकही सुटू दिलं नाही. मग कागद मला परत दिले आणि दार उघडलं.

म्हणून वर नाव तिचंच आहे. तिनं घोडा पळवला नव्हता.